गुडघा बसतो दवाखान्यात, चालता होतो घरी

 

पूर्वी गटाच्या बैठकीत एकच खुर्ची असायची, बँकेच्या साहेबांसाठी. बाकी आपण सगळ्या सतरंजीवर. आता बहुतेक गावांत चार-पाच खुर्च्या मांडाव्या लागतात. खाली बसलं तर उठताना भिंत धरावी लागते, शेजारणीचा हात लागतो, म्हणून पन्नाशीच्या पुढच्या बायका आल्या आल्या खुर्चीकडे बघतात. खुरपणी, ऊसबांधणी, धार काढणं, भाकरी, धुणं, सगळं उकिडवं बसून केलेलं काम गुडघ्यात जमा होत जातं. वजन वाढलं, आईला किंवा मावशीला हाच त्रास होता, कधी पडून मार बसला, अशीही कारणं असतात. आज आम्ही गुडघ्याच्या एका ऑपरेशनबद्दल बोलणार आहोत. पण खरं सांगायचं तर ऑपरेशनबद्दल कमी आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या व्यायामाबद्दल जास्त.

आपल्याकडे म्हणतात, "तिच्या वाट्या बदलल्या." ऐकणाऱ्याला वाटतं, समोरची वाटी काढून नवी बसवली. तसं नसतं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे एकमेकांवर टेकतात, तिथे एक गुळगुळीत अस्तर असतं. तेच आपण म्हणतो ती गादी. ती झिजली की हाडावर हाड घासतं. गुडघ्याचे तीन भाग धरतात. एक आतला, दुसऱ्या गुडघ्याच्या बाजूचा. एक बाहेरचा. आणि तिसरा वाटीच्या मागचा. पुष्कळ बायकांचा आतला भाग आधी जातो आणि पाय धनुष्यासारखा बाहेर वाकायला लागतो. झीज त्या एकाच भागात असेल, आतले दोर म्हणजे लिगामेंट शाबूत असतील, गुडघा बऱ्यापैकी वाकत असेल, तर डॉक्टर तेवढाच भाग बदलतात. याला अर्धा सांधा बदलणं म्हणतात. वाटी जागेवर राहते, दोर राहतात, चांगलं हाडही राहतं. चीर लहान असते, रक्त कमी जातं, आणि पाय लवकर वाकायला लागतो. आमवाताचा म्हणजे सगळे सांधे सुजवणारा आजार असेल तर मात्र हे चालत नाही. आणि दुसरी बाजूही ऐकून ठेवा: राहिलेला भाग पुढे झिजला तर पुन्हा ऑपरेशन करून पूर्ण सांधा बसवावा लागतो. पूर्ण सांध्यापेक्षा अर्ध्या सांध्यात ही वेळ जास्त वेळा येते. डॉक्टरांना हे आधीच विचारा, विचारायला लाजू नका.

हे काही नवं शास्त्र नाही. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला डॉ. गुडफेलो आणि अभियंते ओ'कॉनर यांनी असा सांधा १९७०च्या दशकात तयार केला. आपल्या गावागावांत गुडघ्याच्या ऑपरेशनचं नाव पोचलं ते बहुधा पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींमुळे. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा बदलला, डॉ. चित्तरंजन राणावतांनी. त्यांचे पूर्ण सांधे होते. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेतींनी तर आपल्या लोकांच्या गुडघ्याचं माप धरून 'इंडस' नावाचा सांधा बनवला.

आता प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याला ऑपरेशन लागतं का? नाही. आधी उभं राहून काढलेला एक्सरे बघू द्या. झोपून काढलेल्या फोटोत खरी झीज लपते, कारण त्या वेळी गुडघ्यावर भार नसतो. मग दोन-तीन महिने मांडीचा व्यायाम करा आणि वजन थोडं उतरवून बघा. अंगाचं एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा जवळजवळ चार किलोचा भार उतरतो. आमच्या ओळखीतल्या काही बायकांचं ऑपरेशन एवढ्यावरच पुढे ढकललं गेलंय. ज्यांना रात्री झोप नाही, शंभर पावलं टाकवत नाहीत, गोळ्यांनी पोट बिघडलंय, त्यांनी मात्र उगाच सोसत बसू नये.

आता मुख्य गोष्ट. आम्ही घरी जाऊन विचारतो, "ऑपरेशन ठरलं, तयारी काय केली?" तेव्हा उत्तर पैशाचं येतं. इतकं कर्ज गटातून, इतकं भावाकडून. पैसा लागतोच. पण दुसरा हिशोब कोणी मांडत नाही, तो माणसांचा. सहा आठवडे धार कोण काढणार? पाणी कोण भरणार? भाकऱ्या कोण थापणार? बाईला दिवसातून तीन वेळा व्यायाम करायचाय, म्हणजे रोज तास-दीड तास. तो तास घरातल्या कोणाच्या तरी वाट्याला काम म्हणून जाणार. हे आधी बोलून ठेवलं नाही तर आठव्या दिवशी बाई वॉकर भिंतीला टेकवून चुलीपुढे दिसते. मग तिसऱ्या महिन्यात गुडघा अर्धवट वाकतो, अर्धवट सरळ होतो, आणि गाव म्हणतं ऑपरेशन फसलं. पुष्कळदा ऑपरेशन चांगलं झालेलं असतं, सुट्टी फसलेली असते.

लासुर्ण्याकडच्या आमच्या एका आक्कांचं सांगतो. वय अठ्ठावन्न, दोन म्हशी, घरात मुलगा, सून आणि लहान नातू. उजव्या गुडघ्याचा आतला भाग गेलेला. त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "पालखीला चालता येईल का?" डॉक्टर म्हणाले, "मी सांधा बसवीन. चालायचं काम तुमचं आणि तुमच्या घरच्यांचं." आक्कांनी घरी येऊन मुलाला आणि सुनेला समोर बसवलं. एक म्हैस भाकड होती, ती बहिणीकडे पाठवली. धार मुलाकडे. चुलत जावेने संध्याकाळच्या भाकऱ्या घेतल्या, बदल्यात आक्का तिची पोरं सांभाळणार, खुर्चीत बसून. तारीख माघातली धरली, घरच्या उसाला तोड मिळून शेत मोकळं झाल्यावर. लोक विचारतात थंडीत जखम लवकर भरते का. जखम कोणत्याही ऋतूत भरते, हात मोकळे कधी असतात ते बघा.

तारखेच्या आधी आक्कांकडे सहा आठवडे होते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांना तेव्हाच व्यायाम शिकवला. बऱ्याच जणींना हे उलटं वाटतं. ऑपरेशनच्या आधी कसला व्यायाम? पण आपण गटात काय करतो, आधी बचत, मग कर्ज. ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू काही दिवसांतच ढिला पडतो, त्याची ताकद भराभर उतरते. आधी साठवलेली असली तर उतरूनही काही शिल्लक राहते.

व्यायाम साधेच आहेत. ज्याची त्याची प्रकृती वेगळी, म्हणून पहिल्यांदा जाणत्या माणसाकडून समोर करून घ्या. कॉटवर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची छोटी घडी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. मांडी दगडासारखी घट्ट झाली पाहिजे. पाच आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. मग उताणं झोपून एक पाय वाकवून ठेवायचा आणि दुखरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच आकडे, हळूच खाली. श्वास कोंडायचा नाही, मोठ्याने आकडे मोजले की आपोआप श्वास चालू राहतो. तिसरं, टाच कॉटवरून घासत आपल्याकडे ओढायची आणि परत सोडायची. पायात मोजा घातला की टाच सरकते. आणि घट्ट खुर्चीतून उठणं-बसणं, जमेल तेवढा हाताचा आधार कमी करत. हातांनाही काम द्या: खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन अंग थोडं उचलायचं. कारण नंतर वॉकरवर भार हातांनीच पेलायचाय. वॉकर आधीच आणून अंगणात दोन फेऱ्या मारून बघा. ऑपरेशननंतर गुंगीत आणि दुखण्यात नवीन शिकणं अवघड जातं.

या सहा आठवड्यांत आणखी काही गोष्टी उरकतात. साखर आणि रक्तदाब ताब्यात आणा, रक्त कमी असेल तर वाढवा. किडलेला दात, पायाची जखम, चिखल्या, टाचांच्या खोल भेगा आधी बऱ्या करा, तिथून जंतू शिरून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, आपल्या मनाने बंद करू नका. आणि मिश्री. होय, मिश्रीच. तंबाखूने जखम भरायला उशीर लागतो, मग ती दाताला लावलेली असो नाहीतर चघळलेली. सहा आठवडे सुटली तर कदाचित कायमची सुटेल. दवाखान्यात जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र काढायला सांगतात. काहीजणींच्या मनाला ते फार लागतं. आक्कांनी आदल्या दिवशी घरीच काढून सुनेच्या हातात दिलं, म्हणजे ऐनवेळी रडारड नको.

घरही तयार करावं लागतं. कॉटची उंची गुडघ्याच्या वर हवी, खाली विटा ठेवून वाढवता येते. हात असलेली घट्ट खुर्ची हवी, प्लास्टिकची हलकी नको. कमोडची खुर्ची मिळते, ती शौचालयावर ठेवता येते. न्हाणीतलं शेवाळ घासून काढा, एक दांडी भिंतीत बसवून घ्या. वाटेतली गोधडी, पोत्याचं पायपुसणं, रात्री पायात येणारं शेळीचं करडू, हे सगळं बाजूला. उंबऱ्यावर वॉकर अडतो, तिथे कसं ओलांडायचं ते आधी ठरवा. पडणं हे सगळ्यात वाईट.

पैशाचं थोडक्यात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमचा पूर्ण सांधा कर सोडून ५४,७२० रुपयांवर आणला, आधी तो दीड लाखाच्या घरात जायचा. ही फक्त सांध्याची किंमत, ऑपरेशन, खोली, औषधं वेगळी. बिलात सांध्याची किंमत आणि कंपनीचं नाव वेगळं लिहून मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात बसतं, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवून विचारा. बारामतीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्याची वाट धरण्याआधी तिथे हाडांच्या विभागात एकदा दाखवायला हरकत नाही. आणि जिथे ऑपरेशन कराल तिथे एक प्रश्न नक्की विचारा: नंतर फिजिओथेरपी कोण देणार, किती वेळा, आणि तिथवर यायला एसटी आहे का? इंदापूरच्या पलीकडच्या गावातून आठवड्याला तीन फेऱ्या जमत नाहीत. मग व्यायाम फोनमध्ये चित्रित करून आणायचा, आणि घरातल्या एका माणसाने तो शिकून घ्यायचा. आक्कांच्या सुनेने तसंच केलं.

ऑपरेशन झालं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभं करतात. घरच्यांना वाटतं हे निर्दयी आहे. ते गरजेचं आहे. पडून राहिलं की पोटरीतल्या शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. म्हणून जागं असताना दर तासाला दोन्ही पाय घोट्यातून वर-खाली हलवायचे, शिवणयंत्राची पट्टी दाबतो तसे.

पहिले दोन आठवडे सगळ्यांचं लक्ष पाय किती वाकतो याकडे असतं. तितकंच लक्ष तो पुरता सरळ होतो का याकडे द्या. आपल्याकडे प्रेमापोटी लेक येते आणि आईच्या गुडघ्याखाली मऊ उशी सरकवते. आईला बरं वाटतं. पण गुडघा तसाच वाकडा आखडतो आणि पुढे आयुष्यभर लंगडत चालायची वेळ येते. उशी गुडघ्याखाली नको. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा हवेत राहू द्या, आपल्या वजनाने तो सरळ होतो. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-दहा मिनिटं. वाकण्याचं म्हणाल तर दोन आठवड्यांच्या सुमारास काटकोनापर्यंत आला की बरं चाललंय म्हणायचं, पुढे तो वाढत जातो.

दुखतं का? दुखतं. खोटं कशाला सांगू? दुखण्याची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे व्यायामाच्या अर्धा तास आधी घेतली की व्यायाम होतो. सोसून गोळी टाळणाऱ्या बायकांचा व्यायामच राहून जातो, मग सोसण्याचा उपयोग काय? व्यायामानंतर बर्फ पिशवीत घालून, पिशवी कापडात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, जखम कोरडी राखून. गरम शेक या दिवसांत नको. तेलाची मालीश जखमेवर अजिबात नको, हाडवैद्याची तर नकोच. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला असेल तर व्यायाम थोडा कमी करा, बंद करू नका.

आणि मग येतात बघायला येणारी माणसं. बिस्किटांचे पुडे घेऊन येतात, तासभर बसतात आणि जाताना सांगतात, "अजिबात हलू नकोस गं बाई." आक्कांच्या सुनेने युक्ती केली. व्यायामाच्या वेळी कोणी आलं की त्यांनाच आकडे मोजायला बसवायची. दोन-तीन पाहुण्या स्वतःची मांडीही दाबून बघायला लागल्या.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. वॉकरवरून काठीवर कधी यायचं ते फिजिओथेरपिस्ट ठरवतील. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची नाही, चांगल्या पायाच्या हातात धरायची. हे शंभरातल्या नव्वद जणी उलटं करतात, आमचा अंदाज आहे हा, पण रस्त्यावर बघा. पायऱ्यांचं लक्षात ठेवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

काही खुणा दिसल्या तर फोन करून वाट बघत बसू नका, तडक दवाखाना गाठा. पोटरी सुजून दुखायला लागली, जखमेतून पाणी किंवा पू आला, गुडघा लाल आणि गरम होऊन ताप भरला. आणि अचानक छातीत दुखून दम लागला तर १०८ ला फोन करून गाडी बोलवा.

सहा आठवड्यांनी घरातली हलकी कामं उभ्याने किंवा खुर्चीत बसून करता येतात. तीन महिन्यांनी बहुतेक जणींना बाजार, देऊळ, गटाची बैठक जमते. सूज आणि चालून आल्यावरची ऊब वर्षभर थोडी थोडी राहू शकते, घाबरू नका. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं याबद्दल प्रत्येकीने आपल्या डॉक्टरांना विचारावं. काही परवानगी देतात, बरेच जण टाळायला सांगतात. पण जमलं तरी पुन्हा दिवसभर उकिडवं बसून खुरपायचं कशाला? उभ्याने चालवायचं सायकल कोळपं आहे, लांब दांड्याचं खुरपं करून घेता येतं. धार काढायला स्टूल घ्या. गॅस ओट्यावर चढवा. यासाठी गटातून कर्ज मागितलं तर ते चैनीचं कर्ज समजू नये, असं आम्ही ग्रामसंघात मांडलंय. दोन गावांनी मान्य केलं, एका गावात अजून वाद चालू आहे.

आक्कांनी आषाढाच्या आधी डॉक्टरांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, यंदा सगळी वारी नको, थोडं चाला आणि थांबा. तुकोबांची पालखी सणसरचा मुक्काम आटोपून सकाळी बेलवडीकडे निघाली तेव्हा आक्का काठी घेऊन दिंडीच्या मागे चालल्या. बेलवडीचं गोल रिंगण त्यांनी उभ्याने पाहिलं. फुगडीला बायकांनी हात पुढे केला तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू," आणि टमटममध्ये बसून घरी आल्या. संध्याकाळी गुडघ्यावर बर्फ ठेवला होता, हे सुनेने सांगितलं.

त्यांचा वॉकर आणि कमोडची खुर्ची त्यांनी आता प्रभागसंघाला देऊन टाकली आहे. ज्या गटातल्या बाईची तारीख ठरली असेल तिने महिनाभर आधी आपल्या सीआरपी ताईकडे नाव द्यावं, म्हणजे वापरून बघायलाही मिळेल. भाडं नाही, फक्त रबराची बूच झिजली असतील तर नवी बसवून परत करायची. सध्या वॉकर निमगाव केतकीला गेलाय, महिनाअखेरीस मोकळा होईल.